जुन्या तांदळाची पेज

नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं मी ज्या वॉर्डात काढली, तिथे इंजेक्शनांपेक्षा वाट्या-चमच्यांचा आवाज जास्त असायचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं ग्रामीण रुग्णालय, मागच्या बाजूला एक लांबट खोली आणि भिंतीवर कुणीतरी हौसेनं रंगवलेले ससे नि गाजरं. कुपोषित लेकराला त्याच्या आईसह पंधरवडाभर ठेवून घ्यायचं, थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं भरवायचं, रोज वजन करायचं आणि अंगानं जरा धरलं की घरी पाठवायचं, असं आमचं काम. मी तिथली नर्स, हाताशी शेवंताबाई नावाची आया आणि वर एक तरुण डॉक्टर. ब्रह्मपुरीकडच्या माझ्या जावा म्हणायच्या, "म्हणजे तुले सरकार पोरं जेवू घालाचा पगार देते." खोटं नव्हतं. पण ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांनी एकदा जेवण विसरलेल्या लेकराच्या तोंडात चमचाभर पेज घालून दाखवावी.

'जेवण विसरलेलं लेकरू' हे आमच्या वॉर्डातलं बोलणं, पुस्तकात सापडणार नाही. मी या वॉर्डात आले तेव्हा तिथे येणाऱ्या मुलांना भूक असायची. घरात धान संपलेलं, आई रोवण्याला, म्हणजे भातलावणीला गेलेली, अशा घरचं पोर चमचा पाहिला की मान पुढे करायचं. पुढे पुढे वेगळीच मुलं यायला लागली. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, शौचाला खडा, आणि वाटी समोर धरली की तोंड भिंतीकडे. आईच्या पदराच्या गाठीला मात्र कुरकुरीत खाऊची चमचमती पुडी. जिथे पावसाळ्यात एसटी जात नाही तिथेही ती पुडी पोचली होती. दुकानाच्या दारात तिच्या लडी लोंबतात, त्याही नेमक्या नुकतं चालायला लागलेल्या पोराच्या हाताला येतील अशा. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की हे कारखान्यात इतकं दळून, फुगवून, रंग-वास लावून केलेलं खाणं असतं की मूळचं धान्य ओळखू येत नाही. मीठ, तेल आणि आंबट-तिखट भुकटी जिभेला सोडत नाही, पण रक्त वाढेल, हाड धरेल असं त्यात फारसं काही नसतं. शेवंताबाई हेच आयांना तिच्या पद्धतीनं सांगायची, "पोटाले वाटते जेवलो, अन् आंगाले काई मालूमच नाई पडत."

हे फक्त गरिबाच्या घरचं होतं असं कुणी समजू नये. एकदा एक मास्तरीणबाई आपल्या गुबगुबीत मुलाला घेऊन आल्या. मुलगा जिना चढताना धापा टाकायचा, रक्त तपासलं तर पांढुरकं म्हणावं इतकं कमी. सकाळी बिस्किटं, दुपारी शेवयांचं ते झटपट पाकीट, संध्याकाळी पुन्हा बिस्किटं, असं त्याचं जेवण. "सिस्टर, आमच्या घरी काय कमी आहे हो?" असं त्यांनी रागानंच विचारलं. मी म्हटलं, "वरण-भात." त्या आधी चिडल्या, मग हसल्या, आणि नंतर महिनाभर मला भेटून मुलानं काय खाल्लं ते सांगत राहिल्या.

आमची खरी लढाई पाहुण्यांशी असायची. इकडे लेकरू असलेल्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि आजारी लेकराला भेटायला तर मुळीच नाही. पूर्वी लोक फुटाणे आणायचे, मुरमुऱ्याचे लाडू आणायचे, रानातली टेंभरं आणायचे. आता सगळ्यांच्या हातात पुडी. भेटीची वेळ संपली की मी उशा उचलून पाहायची. एका बापानं तर वजनकाट्याच्या झोळीतच पुडी लपवली होती, आणि पोराचं वजन वाढलं म्हणून आम्ही दोघी क्षणभर खूशही झालो. माया होती हो ती, म्हणून रागावता यायचं नाही. मी जप्त केलेल्या पुड्या एका पिंपात टाकायची आणि माझ्या ड्युटीवर चहाबरोबर बिस्किटं खायची. आज मला शुगरची गोळी लागते, त्यात त्या बिस्किटांचाही वाटा आहे.

पण मला सांगायचं आहे ते जानोबद्दल.

जानो आली ती आज्याच्या खांद्यावर बसून. वय दोन-अडीच वर्षं, डोळे मोठे, केस तांबूस होऊन विरळ झालेले. आजा गोंड, नाव चैतू, धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात त्याचं गाव. जानोची आई नुकतीच बाळंत झालेली आणि बाप शेतात अडकलेला, म्हणून आजाच तिच्यासोबत राहायला आला. आयांच्या वॉर्डात हा एकटा पुरुष. पहिल्या दिवशी बायकांनी पदर सावरले, दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीचं रडतं पोर त्याच्या मांडीवर. तो बोलायचा कमी, पण जिभेनं टाळी वाजवून पाखरांचे आवाज काढायचा आणि सगळी पोरं गप्प व्हायची.

फक्त जानो जेवायची नाही. दूध दिलं तर ओकायची, त्यांच्या घरी दूध प्यायची सवयच नव्हती, गाईचं दूध वासराचं. खिचडी नेली की आजाच वाटी बाजूला सरकवायचा आणि म्हणायचा, "नाई खात बाई थे." मग कोपरीच्या खिशातून पुडी काढायचा आणि एकेक कुरकुरीत कांडी तिच्या तोंडात द्यायचा. मी समजावलं, रागावले, पुडी काढून घेतली. तो कुठून तरी दुसरी आणायचा. तोंडातून उलट शब्द नाही. साहेबापुढे आणि बाईपुढे ही माणसं वाद घालत नाहीत, मान हलवतात आणि आपलं तेच करतात. रोज सकाळी काटा खाली सरकायचा. जानोची मान धरेनाशी झाली, रडली तरी आवाज यायचा नाही.

डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून नाकातून नळी घालू. नाहीतर जिल्ह्याला पाठवू." नळीचं नाव ऐकून आज्यानं गाठोडं बांधायला घेतलं. याची मला सगळ्यात जास्त भीती. आमच्याकडून लोक न सांगता निघून जायचे, आणि गेलेल्या मुलांपैकी काहींचं पुढे काय झालं ते आशाताईंकडून कळायचं. जानो या अवस्थेत घरी गेली असती तर वाचली नसती. हे मला कळत होतं, डॉक्टरांना कळत होतं, आणि आज्यालाही कळत असणार, कारण गाठोडं बांधताना त्याचे हात थांबत होते.

त्या दुपारी जेवणाची ताटं वाटताना माझं लक्ष गेलं. आज्यानं आपलं ताट घेतलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या आईला दिलं. शेवंताबाईला विचारलं तर ती म्हणाली, "आला तवापासून असंच करून राह्यला थो. कोऱ्या चहात बिस्कुट बुडवून खाते अन् पडते." इतके दिवस मी समजत होते की म्हातारा नातीचे लाड करतोय. हा तर स्वतःच उपाशी होता.

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले.

"आजा, तुमी काऊन जेवत नाई?"

"जेवलो ना बाई."

"कुठी जेवले? ताट तं तुमी त्या बाईले देलं."

तो बराच वेळ जानोच्या पायाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "नवं हाय थे."

"काय नवं?"

"भात. नव्या धानाचा हाय. वासच येते ना. आमच्या गावचा पंडुम नाई झाला अजून."

मी भाताच्या मुलखातली. आमच्याकडे हलकं धान आधी निघतं, गिरणीतून नवा तांदूळ येतो, त्याचा भात जरा चिकट होतो आणि सगळ्या घरात गोड वास सुटतो. आम्हाला तो वास म्हणजे सण. जानो आली त्याच सुमारास वॉर्डाच्या कोठीत असा तांदूळ आला होता. आज्याच्या गावात मात्र आंबा असो, मोह असो, शेंगा असोत की धान, नवं पीक आधी देवाला आणि वाडवडिलांना द्यायचं आणि मगच आपण तोंडात घालायचं. हा पंडुम. त्याचा दिवस गावचा पुजारी, म्हणजे गायता ठरवतो. त्याआधी घरातल्या कुणी नवं खाल्लं तर घरावर संकट येतं.

"घरी बारकं लेकरू हाय बाई," आजा म्हणाला. "चार दिसाचं. हिनं नवं खाल्लं अन् तिकडं त्याले काई झालं तं?"

म्हणजे हा माणूस एका नातवंडाला वाचवायला बसला होता आणि दुसऱ्याला जपत होता, आणि दोन्हींच्या मध्ये स्वतः उपाशी राहिला होता. मी विचारलं, "मंग पुडी कशी चालते?"

"पुडी दुकानाची. थे नवी बी नाई अन् जुनी बी नाई. तिले काई नसते."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते भले होते. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सिस्टर, तांदूळ जुना असला तर आपल्या उपचारात काय बिघडतं? दोन दिवस थांबतो." शेवंताबाईचा उपाय आणखी सोपा होता, "सांगून टाका ना, हा जुना हाय म्हनून." पण आज्याला फसवणं माझ्या जिवावर आलं, आणि तो फसलाही नसता.

जुना तांदूळ आमच्या सासरी होता. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या घरात सासूबाई बांबूच्या ढोलीत दरवर्षी थोडं जुनं धान राखून ठेवायच्या, आजाऱ्यासाठी आणि बाळंतिणीसाठी. जुन्या तांदळाची पेज हलकी, ती पोटाला जड होत नाही. घरातल्या कुणी धडधाकट माणसानं त्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मी फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कोनासाठी?" मी म्हटलं, "पोरगी हाय एक. माझ्या वॉर्डातली." दुसऱ्या दिवशी वैनगंगेच्या पलीकडून येणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी थैली आली. वर मिठाची पुरचुंडी आणि काळी पडलेली जुनी चिंच. चिंच कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

आज्यानं थैलीत हात घातला. दाणे तळहातावर घेतले, हुंगले, एक दाणा दाताखाली फोडला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "जुना हाय," म्हणाला, "माह्या दातावानी." स्वयंपाकघर त्यानं नाकारलं. रुग्णालयाच्या मागे, जिथे नातेवाईक चुली मांडतात, तिथे तीन दगड ठेवून त्यानं स्वतः पेज शिजवली.

आणि जानोनं ती थुंकली.

मी अगदी खचले. पण पुडीला सवकलेली जीभ अशीच असते. तिला अळणी काही लागतच नाही, अन्नाची चव पुन्हा शिकवावी लागते. शेवंताबाईनं तेवढ्यात चिंचेचा तुकडा मिठात बुडवून जानोच्या ओठांवर फिरवला. जानोनं तोंड वाकडं केलं, डोळे मिचकावले आणि जीभ बाहेर काढली. पुन्हा चिंच, आणि चिंचेच्या मागोमाग अर्धा चमचा पेज. गेली. परत चिंच, परत पेज. आजा पाखराचा आवाज काढत होता, शेवंताबाई चमचा धरत होती आणि मी वाटीकडे बघत होते. वॉर्डातल्या सगळ्या आया आपापली पोरं कडेवर घेऊन भोवती उभ्या होत्या. पेज गळ्याखाली उतरली की सगळ्या मिळून "गेली!" म्हणायच्या. सासूबाईंनी नऊ लेकरं आणि नातवंडं वाढवली होती. चिंच त्यांनी उगीच नव्हती पाठवली.

मग आज्यानं आपल्यासाठी पानाच्या द्रोणात पेज घेतली. मलाही एक द्रोण दिला. उन्हात बसून आम्ही दोघांनी ती प्यायली. मग खिशातली उरलेली पुडी त्यानं काढली आणि उलटसुलट करून पाहिली.

"बाई, हे कायचं हाय?"

"मका असंल, तांदूळ असंल. तेल, मीठ, रंग."

"कोनाच्या वावरातलं?"

"मले मालूम नाई, आजा."

"कोनी देवाले देलं का आधी?"

"नाई. कारखान्यात होते थे."

आमच्याकडे नवऱ्या मुलीलाही उंबऱ्यावर थांबवून मग आत घेतात. त्याच्या गावात तर रानातल्या बोरालाही वाट पाहावी लागते. ही पुडी मात्र कुणाला न विचारता घरात येऊन लेकराच्या तोंडापर्यंत पोचली होती. आजा म्हणाला, "मंग तिले काई नसते असं मी काऊन समजलो?" त्यानं पुडी चुलीत घातली. ती जळताना असा काही वास सुटला की आम्हा दोघांना तिथून उठावं लागलं.

काटा लगेच वर गेला नाही. आधी खाली जायचा थांबला. मग एके सकाळी किंचित चढला, आणि शेवंताबाईनं झोळी दोनदा झटकून पाहिली, कुणी पुडी तर नाही ना लपवली म्हणून. हळूहळू आम्ही पेजेत डाळीचं पाणी, मग अंडं वाढवत गेलो. दोन्हीला आज्याची हरकत नव्हती. घरी जायच्या दिवशी जानोनं माझ्या हातातला चमचा ओढून घेतला आणि द्यायला तयार नव्हती. तो चमचा रुग्णालयाचा होता, मी तो तिला नेऊ दिला.

आमच्या घरी तोवर नवा तांदूळ येऊन पडला होता. मी तो खाल्ला नाही. काही व्रत वगैरे घेतलं नव्हतं. आज्याबरोबर जुनं प्यायले होते, त्याच्या आधी नवं खायला मन होईना, एवढंच. दिवाळीच्या आसपास बसमधून त्याच्या गावचा एक माणूस उतरला आणि मोहाच्या पानांची पुडकी माझ्या हातात ठेवली. आत नव्या धानाचे पोहे. "आज्यानं सांगतलं, पंडुम झाला. बाईले म्हना आता खा."

त्यानंतर दरवर्षी त्याचा निरोप यायचा. पुढे त्या गावात टेकडीवर चढलं की रेंज मिळायला लागली, तेव्हापासून फोन. आजा नमस्कार, बरं-वाईट काही बोलायचा नाही. "बाई, पंडुम झाला. खा आता," आणि फोन बंद. माझ्या सुनेला आधी हे विचित्र वाटायचं. घरात सगळे नव्या तांदळाचा भात खातायत आणि सासू जुन्याची पेज पितेय. आता तीच माझ्यापुरतं जुनं बाजूला काढून ठेवते. सासूबाई गेल्या, ढोली मात्र आहे.

यामुळे सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. त्या गावातल्या दुकानात लडी अजून लोंबतात. माझ्या वॉर्डातून परत गेलेली काही मुलं पुन्हा आली, काही आली नाहीत, आणि त्यांचे चेहरे अजून माझ्यासमोर येतात. मोठ्या माणसांचंही तेच चाललंय. ज्या गावांत पूर्वी रक्तदाब तपासायला कुणी हात पुढे करत नव्हतं, तिथे आता चाळिशीतल्या बायका गोळ्या विचारत येतात. आज्याच्या घरात मात्र एक नियम झाला. ज्याचा पंडुम होत नाही ते लेकराला द्यायचं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आजा वारला. मला उशिरा कळलं. पावसाळा सरला, आमचं हलकं धान निघालं, घरात तो गोड वास सुटला. मी वाट पाहत राहिले आणि माझी मलाच लाज वाटायला लागली. दसरा गेला. फोन करणाराच राहिला नाही, आता कसली वाट पाहायची, असं मुलगा हळूच म्हणालाही. दिवाळी गेली. सुनेनं एक दिवस माझ्या ताटात नवा भात वाढला आणि मी तो बाजूला सारला.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, वाऱ्यात तुटत येणारा. टेकडीवरून बोलत होती.

"बाई, मी जानो. चैतू आज्याची नात."

मी फोन घेऊन अंगणात आले.

"औंदा उशीर झाला. आज्याचं मरणाचं काम बाकी होतं, म्हनून गावानं थांबवलं होतं. थो जाताना सांगून गेला होता, बाई वाट पायते म्हने, फोन कराचा." मग तिच्या मागे कुणी लहान पोर काहीतरी मागत रडलं, आणि ती त्याला आमच्या वॉर्डात ऐकू यायचा तसाच पाखराचा आवाज काढून गप्प करायला लागली. ते गप्प झाल्यावर पुन्हा फोनवर आली.

"काल झाला बाई पंडुम. खा आता."